चौथी शर्यत

मंगळवारी सकाळी एसी बंद केला.

मस्कतमध्ये राहिलेल्या माणसाला या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. एप्रिलपासून घरात जी घरघर चालू असते, ती एका सकाळी अचानक नकोशी होते. बटण दाबलं की घर गप्प होतं आणि बाहेरचे आवाज एकेक करून आत यायला लागतात. समोरच्या बांधकामावरचा मिक्सर, कुणाचा तरी कोंबडा, शाळेची बस मागे घेताना होणारं पीं-पीं. खिडकी सरकवताना रुळातली वाळू करकरते. हवा काही गार झालेली नसते, फक्त तिचा राग गेलेला असतो. माबेलातल्या आमच्या गल्लीत त्या दिवशी गॅलऱ्यांमधून रजया वाळत पडतात. हिवाळा आला असं इथे कुणी म्हणत नाही. "वेदर मस्त झालंय," एवढंच म्हणतात आणि शुक्रवारचे बेत ठरवायला लागतात.

माझा हात मात्र वरच्या कपाटातल्या थर्मासकडे गेला. हिरवा, पोचे आलेला, झाकणाचे आटे सैल झालेला थर्मास. पास्कलकाकांनी तरुणपणी इथल्या हमरिया बाजारातल्या एका चिंचोळ्या दुकानातून घेतलेला. जाताना फिलूकाकूने तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "नवा घेऊ नकोस गो बाय, यातला चहा गार होतो म्हणूनच माणसं वेळेवर परत येतात."

काका-काकू आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. मूळचे वसईचे. काका एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीचे सुपरवायझर. इस्त्रीचा वास त्यांच्या अंगाला कायमचा चिकटलेला. आम्ही चिपळूणकडचे. हेमंत, माझा नवरा, इथे ड्राफ्ट्समन. लग्न करून मी इथे आले तेव्हा सांबारात कुठला मसाला घालायचा ते अम्माला फोन करून विचारणाऱ्या शेजारणी होत्या, पण कोकमाला कोकम म्हणणारं माणूस नव्हतं. खालच्या मजल्यावरून सुक्या बोंबलाचा वास आला आणि मी सरळ जिना उतरून बेल वाजवली. तेव्हापासून ते माझे काका आणि ती माझी काकू. नात्याला एवढं कारण पुरतं.

गेल्या वर्षीच्या हिवाळ्याची गोष्ट सांगायची तर आधी बांगड्यांची सांगायला हवी. लग्नानंतरची पहिली काही वर्षं काका मुंबईत होते आणि घोड्यांच्या नादाला लागले होते. काकूच्या बांगड्या त्यात गेल्या. हे मला काकूनेच सांगितलं, सुरमईचे तुकडे करता करता, अगदी सहज. "बांगड्या गेल्या त्याचं काही नाय. सोनंच ते, येतं-जातं. पण हा रेसवरून यायचा आणि जेवायचा नाय. जिंकला तरी नाय, हरला तरी नाय. ताट वाढून मी बसून राहायची. त्याचं मला वाईट वाटायचं." मग काका इथे आले, काकूने शपथ घातली, आणि इतकी वर्षं काकांनी पत्त्याच्या पानालाही हात लावला नाही.

आणि गेल्या हिवाळ्यात खमीसने सलुकी पाळले.

खमीस पूर्वी हॉटेलात ड्रायव्हर होता, काकांचा जुना दोस्त. निवृत्त होऊन तो खाबुऱ्याला आपल्या लिंबाच्या आणि खजुराच्या बागेत राहायला गेला. सलुकी म्हणजे इकडचे शिकारी कुत्रे. पण हे खमीससमोर बोलायची सोय नव्हती. "कुत्ता बाहर रहता है. ये सलुकी है, ये घर में बैठता है," असं तो बजावायचा. हिवाळ्यात शुक्रवारी सकाळी, खाबुऱ्याच्या मागे डोंगराच्या अंगाला जो उघडा माळ आहे, तिथे आसपासची माणसं आपापले सलुकी आणून शर्यती लावतात. पुढे एक पिकअप धावतो, त्याच्या मागे दोरीला हरणाचं कातडं. त्यामागे सलुकी. त्यांच्या बाजूने बाकीचे पिकअप, हॉर्न वाजवत, खिडकीतून अर्धे बाहेर आलेले मालक ओरडत. नमाजाच्या आत सगळं खलास.

खमीसने बोलावलं आणि काकांचा चेहरा जो उजळला, तो पाहून काकूच्या हातातलं लाटणं थांबलं. तिने पोळी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "जाऊ दे त्याला. पण ही बरोबर जाईल."

"मी? मला काय कळतं त्यातलं?"

"काय कळत नाय म्हणूनच."

त्या पहिल्या शुक्रवारी माझ्या हातून जे घडलं ते आमच्याकडच्याच बाईच्या हातून घडू शकतं. खमीसची एक सलुकी होती, शम्मा. वाळूच्या रंगाची, लांब कानांवर रेशमासारखे केस, आणि अंगावर बरगड्या अशा दिसत होत्या की बघवेना. कमरेची हाडं वर आलेली. डोळे काळेभोर, ओले. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. आता माझ्याकडे डब्यात तूप लावलेल्या पोळ्या होत्या. समोर असा उपाशी जीव उभा असताना डबा झाकून ठेवायला मला कुणी शिकवलेलं नाही. खमीस पाठमोरा झाल्याबरोबर मी एक पोळी दिली. तिने ती गिळली. मग दुसरी दिली.

शर्यत सुटली. शम्मा निम्म्या माळापर्यंत झकास धावली. मग थांबली. मागे वळून बघितलं, आणि सकाळचा फेरफटका मारून यावं तशी रमतगमत चालत परत आली. थेट माझ्याकडे. माझ्या डब्याचा वास घेऊ लागली.

"क्या खिलाया?" खमीसने विचारलं.

"चपाती... भूखी थी बेचारी."

खमीसने आधी शम्माचं पोट चाचपून पाहिलं, काही त्रास नाही ना याची खात्री केली. मग तो वाळूत बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "मॅडम, ये भूखी नहीं है. ये तैयार है." आणि मग बोट वर करून, गंभीरपणे, "दौड़ के बाद. पहले कभी नहीं."

घरी आल्यावर काकूला सगळं कळलं. तिने एकटीनेच माझी बाजू घेतली. "बरोबर केलंस. एवढं धावायला लावायचं आणि पोटात काय नाय?"

तिथून माझी शाळा सुरू झाली. काका चटई अंथरायचे, थर्मास उघडायचे आणि शिकवायला बसायचे. पोट भरलेलं दिसणं म्हणजे तब्येत नव्हे, हा पहिला धडा तर पोळीनेच झाला होता. दुसरा धडा, मालकाला विचारायचं नाही. "कैसा है, विचारलंस तर प्रत्येक जण तमाम, एकदम मस्त, म्हणणार. जिंकेल का, विचारलंस तर इन्शाल्ला म्हणणार. तू जनावराला विचार." म्हणजे काय करायचं? पाऊल बघायचं. गाडीतून उतरताना पहिला पाय कसा टाकतो ते बघायचं. पाठीवरचं मांस कसं भरलंय, धावून आल्यावर श्वास किती लवकर खाली बसतो. कातडं दिसल्यावर जो भुंकतो, उड्या मारतो, त्याचा जोर तिथेच संपतो. जो गप्प उभा राहतो आणि फक्त कान हलवतो, त्याच्यावर नजर ठेवायची.

मुंबईत काकांच्या हातात छापलेलं पुस्तक असायचं, कोणता घोडा मागे कुठे, कसा धावला ते सगळं त्यात. इथे तसलं काही नाही. सगळं डोक्यात. गेल्या शुक्रवारी कोण कुठे होता, माळ मऊ होता की कडक, वारा कुठून होता, आणि मुख्य म्हणजे समोर कोण होतं. "पहिला आला म्हणजे चांगला धावला असं नाय, माधवी. कुणापुढे पहिला आला? आणि एकदा मागे पडला म्हणून त्याला मोडीत काढू नको. निदान दोन-तीनदा बघ."

हे मी इतकं मनावर घेतलं की सहामाहीत आमच्या सईचा गणिताचा पेपर आला तेव्हा मी ओरडले नाही. "पुढच्या दोन टेस्ट बघू," म्हटलं. सईला आधी खरंच वाटेना. "आई, यू ओके?" तिने विचारलं. "म्हणजे, तू बरी हाय?"

पैजेचेही नियम होते. पैशाची पैज नाहीच. एक तर इथे ते कायद्यानेही नाही आणि धर्मानेही नाही, खमीसने तर ऐकूनही घेतलं नसतं. दुसरं म्हणजे काकू. पैज लागायची ती हाताच्या कामाची. हरेल त्याने मासे साफ करायचे. हरेल त्याने दुसऱ्याची गाडी धुवायची. एकदा मी जिंकले आणि काकांनी हेमंतच्या सगळ्या शर्टांना अशी इस्त्री करून दिली की तो आठवडाभर ऑफिसात जपून बसत होता. आणि जे लावायचं ते निघण्याआधी, उंबऱ्यात उभं राहून, काकूला सांगायचं. तिथे माळावर गेल्यावर वाढवायचं नाही. हरलं तर भरून काढायला दुप्पट लावायचं नाही. ज्याच्यावर जीव जडलाय त्याच्यावर तर लावायचंच नाही, त्याला नुसतं बघायचं. म्हणून शम्मावर काकांनी कधीच पैज लावली नाही. मी लावली असती, पण माझी तर ती तुपाची मैत्रीण.

आणि शेवटचा नियम. तीन शर्यती बघायच्या आणि उठायचं. चौथी कितीही चांगली असली तरी उठायचं.

"चौथीच का?" मी एकदा विचारलं.

काका वाळूत बोटाने रेघा मारत बसले होते. "कारण माझं जे काय गेलं ते सगळं चौथीपासून पुढे गेलं," ते म्हणाले. "तीनपर्यंत मी बघायला बसायचो. चौथीपासून उठता येत नव्हतं म्हणून बसायचो."

असे ते शुक्रवार होते. पहाटेच्या बातिना किनाऱ्याच्या रस्त्यावर उजवीकडे समुद्राचा खारा ओलावा, डावीकडे लांब निळे डोंगर. काका गाडी चालवताना गुणगुणायचे. मधल्या पेट्रोलपंपावर करक, म्हणजे दाट दुधाचा कडक चहा. माळावर खमीसचा कहवा, बशीत खजूर. धावून आलेल्या सलुकींच्या धापांचा आवाज. नंतर, खमीसच्या परवानगीने, शम्माला तिची पोळी. परतताना खमीस लिंबांची पिशवी गाडीत टाकायचा. घरी काकू दारात उभी असायची आणि काकांच्या तोंडाकडे बघायची. जिंकले का ते ती विचारायची नाही. "जेवतोस ना?" एवढंच. काका बसायचे आणि पोटभर जेवायचे. दुपारी त्या घरात भाताचा, कालवणाचा आणि लिंबाचा जो वास असायचा, त्यात मला फार बरं वाटायचं. माझं माहेर माझ्या पायाखालीच, एका मजल्यावर आलं होतं.

पण काकूला वसईला जायचं होतं.

तिने हे कधी लपवलं नाही. तिकडे वाडीत घर होतं, बहीण होती, लेकीला बाळ झालं होतं. तिचे गुडघे इथल्या जिन्याला कंटाळले होते. दर वर्षी हॉटेलचं नवीन करारपत्र यायचं, काका सही करायचे आणि म्हणायचे, "फिलू, एकच वर्ष. मग निघू." आखातातलं कुठलं घर आहे जिथे हे वाक्य बोललं जात नाही? आमच्या घरात हेमंत म्हणतो. समोरच्या इमारतीतला मल्याळी म्हणतो. आम्हाला ते शहाणपणाचंच वाटतं.

एकदा आम्ही दोघी लसूण सोलत होतो, तेव्हा काकू म्हणाली, "मुंबईत म्हणायचा, एकच रेस, मग निघू. इथे म्हणतो, एकच वर्ष, मग निघू. मला बाय, आवाज तोच वाटतो."

माझ्या हातातली पाकळी तशीच राहिली. मी माळावर बसून जनावरांची चाल वाचायला शिकत होते, आणि ही बाई घरात बसून एकाच माणसाची वाचत आली होती. मला तिचंही पटत होतं आणि काकांनी जाऊ नये असंही वाटत होतं. दोन्ही अगदी खरं होतं.

मोसमाचा शेवटचा शुक्रवार. ऊन पुन्हा चढायला लागलं होतं, घरांतून एसी परत सुरू झाले होते. नवं करारपत्र आलेलं होतं आणि रविवारी सही करायची होती. उंबऱ्यात काकूने नेहमीप्रमाणे विचारलं, "आज काय लावणार?"

"आज काय नाय. आज नुसतं बघणार."

काकूने थर्मास भरून दिला. कराराचं नाव तिने काढलं नाही.

माळावर गर्दी होती. मोसम संपायचा म्हणून लांबून लांबून माणसं आली होती. शम्मा चौथ्या शर्यतीत होती, आणि अख्ख्या हिवाळ्यात ती इतकी तयार कधीच दिसली नव्हती. आता ते मलाही कळत होतं. तांबूस रंगाचा एक दांडगा सलुकी तिच्यासमोर होता, सगळे त्याच्याबद्दल बोलत होते. शम्मा गप्प उभी होती, फक्त कान हलत होते. काकांची नजर तिच्यावरून हलेना. पहिली शर्यत झाली, दुसरी झाली. तिसरी संपली आणि मी मनात म्हटलं, आज काका उठणार नाहीत. मला वाईट वाटलं आणि मनातून, खरं सांगायचं तर, आनंदही झाला. आज चौथीला बसले तर रविवारी सहीही करतील. अजून एक वर्ष ते माझ्या पायाखालच्या मजल्यावर असतील.

काका उठले. चटई झटकली.

"अरे पास्कल!" खमीस धावत आला. "शम्मा बाकी है अभी. यल्ला, बैठ!"

"खलास, खमीस. मेरा तीन हो गया."

खमीसने त्यांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. त्याला काय कळलं ते त्यालाच ठाऊक. काकांनी शम्माच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ते गाडीकडे चालू लागले. माळाकडे पाठ करून. मला काही ते जमेना. मी त्यांच्या शेजारून उलटी चालत होते, वाळूत अडखळत.

हॉर्न वाजले. "सुटले," मी म्हटलं.

"शम्मा?"

"मागे आहे. बरीच मागे."

"असू दे. ती उशिरा उचलते." काका पुढे बघून चालतच होते. "वारा कुठून आहे?"

"समोरून."

"मग तो तांबडा आता दमेल. बघ, मधल्या खुणेच्या झेंड्यापाशी मान वर करेल."

झेंड्यापाशी तांबड्याने मान वर केली. "केली, काका! आणि शम्मा... शम्मा निघाली! बाहेरच्या बाजूने येतेय, अगदी जमिनीलगत..."

"हां," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि तोंडभर हसू होतं. "तशीच धावते ती. मला दिसतंय."

पुढे पिकअपच्या धुळीत सगळं बुडालं. "कोण आलं?" त्यांनी विचारलं. "दिसलं नाही," मी म्हटलं. "चांगलं झालं," म्हणाले, आणि गाडीचं दार उघडलं. ज्या माणसाला न बघता एवढं दिसत होतं, तो माणूस पाठ फिरवून चालत आला होता. मला रडू आलं ते मी डोळ्यात वाळू गेल्याच्या निमित्तावर ढकललं.

घरी काकू दारात होती. काकांनी चपला काढल्या आणि म्हणाले, "फिलू, मी सही करत नाय." काकू तिथल्या तिथे स्टुलावर बसली. पदराला हात पुसत राहिली, पुसून झाले तरी पुसत राहिली. मग म्हणाली, "हात-पाय धुऊन घे. वाढते." त्या दुपारी आम्ही तिघांनी मिळून केवढा भात संपवला!

उन्हाळ्याच्या तोंडाशी ते दोघं वसईला गेले. खालच्या दारात आता दुसऱ्या कुणाची बाबागाडी असते. इतके महिने झाले तरी जिना उतरताना माझं पाऊल त्या दाराशी मंदावतं. मला त्यांची फार आठवण येते. हेमंतला मी अजून काही म्हटलेलं नाही, पण "एकच वर्ष" असं तो म्हणतो तेव्हा मी आता नुसती मान डोलवत नाही. "कितवं?" विचारते.

आणि काल शुक्रवार होता. थर्मास भरला, हेमंतला आणि सईला गाडीत घातलं आणि खाबुऱ्याला गेलो. खमीस तोच, कहवा तोच. शम्मा थोडी थोराड दिसली, पण पाऊल तसंच हलकं. तीन शर्यती झाल्या आणि फोन वाजला. इथून जो व्हिडिओ कॉल कसाबसा लागतो, त्यावर काका. मागे केळीची पानं हलत होती.

"किती झाल्या?"

"तीन."

"शम्मा?"

"चौथीत आहे, काका."

काकांनी फोन डोळ्यांजवळ आणला. मी चटईचं टोक हातात धरलं, उठायच्या तयारीने. नियम म्हणजे नियम. तेवढ्यात पडद्यावर काकूचा चेहरा घुसला, चष्मा नाकावर.

"उठू नकोस गो. दाखव त्याला. आता काय, घरातच बसलाय माझ्यासमोर. आणि मलाही बघायची, कोण ती तुझी शम्मा."

मी फोन उंच धरला. हॉर्न वाजले, धूळ उठली, सई माझ्या शेजारी उड्या मारायला लागली. मी फोन शम्मामागे इतका भराभर फिरवत होते की त्यांना माळ किती दिसला आणि आभाळ किती, देव जाणे. पण फोनमधून काकूचा आवाज येत होता, सगळ्या हॉर्नांच्या वर. "धाव गो बाय! धाव, धाव, धाव!" काका तिला सांगत होते, "अगं थांब, ती उशिरा उचलते," आणि ती ऐकत नव्हती.

शम्मा दुसरी आली. मी फोन खाली घेतला. काका डोळे पुसत होते. "वारा बाजूने होता ना?" त्यांनी विचारलं. काकूने त्यांना मध्येच तोडलं.

"ते राहू दे. तिला पोळी दिलीस का?"

"देते, काकू. आता देते."

"दे आधी," काकू म्हणाली, आणि काकांकडे वळली. "आणि तू ऊठ आता. ताट वाढलंय."

"उठलो, उठलो," काका म्हणाले, आणि उठले.